गेंडा, जिराफ, पाणघोडा : प्राणिसंग्रहालयातली आवारं बदलली, पण कुणासाठी?

ऱ्हाईनकाठची

प्राणिसंग्रहालयांवरचे धागे इथे वाघापासून सुरू होतात आणि राणीच्या बागेतल्या पेंग्विनांवरून भांडण होऊन बंद पडतात. गेंडा, जिराफ, पाणघोडा, गवा या खूरवाल्या थोरामोठ्यांची चौकशी कुणी करत नाही. 'गेंडा होता, झोपला होता, पुढे चला.' म्हणून हा धागा. तुम्ही पाहिलेली या जनावरांची आवारं कशी होती, आता कशी आहेत, आणि झालेला बदल त्या जनावराच्या काही उपयोगाचा आहे का, ते लिहा. फोटो जरूर टाका, पण नुसत्या तोंडाचा क्लोजअप नको. जमीन दिसू द्या.

जमीन का, ते सांगते. मी स्वित्झर्लंडमधल्या बाझलमध्ये राहते. इथलं प्राणिसंग्रहालय भारतीय एकशिंगी गेंड्यासाठी नावाजलेलं आहे. आसामातून १९५१ मध्ये गदाधर नावाचा नर आणि पुढच्या वर्षी जयमती ही मादी इथे आली. १४ सप्टेंबर १९५६ ला त्यांना रुद्र झाला. युरोपात जन्मलेलं या जातीचं ते पहिलं पिल्लू. बंदिवासातल्या एकशिंगी गेंड्यांची आंतरराष्ट्रीय वंशनोंदवहीसुद्धा इथूनच सांभाळली जाते. थोडक्यात, गेंड्याचं काय करायचं हे जगाला शिकवणारी ही जागा.

पण या जातीला बंदिवासात मागच्या पायांचं एक चिवट दुखणं जडतं. तळव्याला भेगा पडतात, नखं आणि तळवा यांच्या सांध्यात जखमा होतात आणि त्या वर्षानुवर्षं भरत नाहीत. वजनदार नरांना जास्त. या शतकाच्या सुरुवातीला बाझलशी संबंधित पशुवैद्यकांनी याचा पद्धतशीर अभ्यास केला तेव्हा कारण समोर आलं ते जमीन. रानातला गेंडा दलदलीत, ओल्या गवताळ मातीत चालतो. तिथे नखांची कडा मातीत रुतते आणि बराचसा भार ती कडाच उचलते, मऊ तळवा बचावतो. काँक्रीटवर आणि कडक कोरड्या मातीवर ती कडा घासून जाते आणि दोन टनांचं धूड थेट तळव्यावर येतं. वर पुन्हा डुंबायला पाणी किंवा चिखल नसेल तर कातडं कोरडं पडून फाटतं.

आता गंमत बघा. अशी काँक्रीटची आवारं ज्या काळात बांधली गेली तेव्हा ती फार आधुनिक समजली जात. धुवायला सोपी, जंतू नाहीत, वास नाही. त्याआधीच्या काळाची तऱ्हा निराळी होती. अँटवर्पला १८५६ मध्ये हत्ती-जिराफांसाठी चक्क इजिप्शियन देऊळ बांधलं, चित्रलिपीसकट. बर्लिनला १८७२ मध्ये काळविटांच्या जातभाईंसाठी मूरिश मनोरे असलेला महाल उभा राहिला. मग १९०७ मध्ये हॅम्बुर्गजवळ स्टेलिंगनला कार्ल हागेनबेक या प्राण्यांच्या व्यापाऱ्याने पिंजऱ्याचे गज काढून टाकले आणि खंदक आणले. मग काँक्रीट आणि टाइल्स. आणि आता गेली तीस-चाळीस वर्षं खोटे खडक, खरी झाडं, 'तुम्ही आफ्रिकेत आहात' असं सांगणारी आवारं.

माझं मत आधीच मांडून ठेवते. यातले बहुतेक बदल बघणाऱ्याच्या डोळ्यांसाठी झाले. जनावराच्या पायाखालचं, रात्रीच्या खोलीतलं आणि वैरणीतलं जे बदललं ते फार उशिरा आणि फार गुपचूप बदललं, कारण त्याचा फोटो चांगला येत नाही.

तिरकस_बाण

म्हणजे आता गेंड्याच्या टाचांवरून पण भांडायचं? बसलो पहिल्या रांगेत.

कात्रजचा_घाट

ताई, उत्तम विषय. पुण्याचा अनुभव थोडा वेगळा आहे, कारण इथे बदल झाला तो आवारात नाही, अख्खं संग्रहालयच उचलून हलवलं. पेशवे पार्क १९५३ चं. शहराच्या मधोमध, चहूबाजूंनी रस्ते, वाढायला वाव शून्य. १९९९ मध्ये कात्रजचं राजीव गांधी प्राणिसंग्रहालय सुरू झालं आणि जनावरं टप्प्याटप्प्याने तिकडे गेली. तलावासकट सुमारे १३० एकर. गवा, नीलगाय, सांबर, चितळ यांना खंदकाआड मोकळी आवारं मिळाली.

गव्याच्या आवारासमोर उभं राहिलं की एक तक्रार हमखास कानावर येते : 'काही दिसतच नाही, पैसे फुकट.' गवा दुपारच्या उन्हात मागच्या झाडीत जाऊन रवंथ करत बसतो, आणि बसणारच. त्याला जाण्यासारखी जागा आहे म्हणून तो जातो. त्यामुळे 'बदल बघणाऱ्यांसाठी झाले' हे कात्रजच्या गव्याला लागू पडत नाही असं मला वाटतं. तिथे बघणारेच नाराज आहेत!

अवांतर : बाजूच्या रस्त्यावरच्या भोंग्यांचं काय करायचं यावर मात्र कुठल्याच आराखड्यात उत्तर नाही.

विटांचा_हिशोब

वास्तुरचनेच्या बाजूने दोन गोष्टी. दोन्ही लंडनच्या.

लंडन झूमधलं जिराफघर डेसिमस बर्टन या वास्तुरचनाकाराने १८३६-३७ मध्ये बांधलं. साधी विटांची इमारत, उंचच उंच कमानदार दारं, आत गवताचा साठा, बाहेर मोकळी जागा. पावणेदोनशेहून जास्त वर्षं जिराफ तिथे राहत आले. नंतर आजूबाजूची मोकळी जागा वाढवली, आतली सोय सुधारली, पण सांगाडा तोच. का टिकलं? कारण बर्टनने जिराफाची उंची मोजून दार केलं, बाकी शहाणपणा केला नाही.

आता त्याच आवारातली दुसरी इमारत. ह्यू कॅसन या नामांकित वास्तुरचनाकाराने १९६० च्या दशकात हत्ती आणि गेंड्यांसाठी एक पॅव्हिलियन बांधलं, १९६५ मध्ये पूर्ण झालं. खडबडीत, उभ्या पन्हळी पाडलेलं काँक्रीट, वर तांब्याची निमुळती छपरं. पाणवठ्यावर जमलेल्या हत्तींचा कळप वाटावा अशी कल्पना. आतमध्ये जनावरांवर वरून प्रकाश, प्रेक्षक अंधारात, अगदी नाटकासारखं. वास्तुशास्त्राचे विद्यार्थी अजूनही तिथे जाऊन रेखाटनं करतात. मीही केली आहेत आणि इमारत म्हणून ती मला मनापासून आवडते.

पण हत्तींना ती लहानच होती. २००१ मध्ये तिथे हत्तीच्या हल्ल्यात एका रखवालदाराचा मृत्यू झाला आणि त्याच वर्षी हत्ती शहराबाहेर व्हिप्सनेडला हलवले. इमारत मात्र संरक्षित वारसायादीत वरच्या श्रेणीत आहे, पाडता येत नाही, मनासारखी फोडताही येत नाही. मग तिथे उंट आणि रानडुकरांच्या जाती अशी लहान चणीची मंडळी राहायला आली. म्हणजे बर्टनने जनावराचं माप घेऊन घर केलं, आणि कॅसनच्या घराचं माप बघून पुढे जनावर शोधावं लागलं.

ताईंच्या मुद्द्याला माझा अर्धाच पाठिंबा. काँक्रीट हा खलनायक नाही. १८३७ चं जिराफघर टिकलं ते नैसर्गिक दिसतं म्हणून नव्हे. ते अजिबात तसं दिसत नाही. ते तबेल्यासारखं आहे आणि जिराफाला तबेला चालतो.

नेमस्त

धागाकर्तीने सुरुवातीलाच 'खूरवाले' म्हटलं आहे आणि चौथ्या परिच्छेदात हत्ती आणला, विटांचा_हिशोब यांनी तर संपूर्ण कळप. हत्तीला खूर नसतात, नखं असतात, आणि त्याचा गणही वेगळा. गेंडा विषम-खुरी, एका पायाला तीन बोटं, घोड्याच्या गोतावळ्यातला. जिराफ, गवा, हरणं सम-खुरी. पाणघोड्याला चार बोटं, तोही सम-खुरी, आणि जनुकीय अभ्यासानुसार त्याचे सर्वांत जवळचे नातेवाईक देवमासे. त्यामुळे 'खूरवाल्यांना काय लागतं' असा एकच प्रश्न विचारण्यात फारसा अर्थ नाही.

तिरकस_बाण

पाणघोडा माशाचा भाऊ. घ्या.

नेमस्त

देवमासा हा मासा नाही. असो.

ऱ्हाईनकाठची

नेमस्त, हत्ती मागे घेते. तसाही त्याच्यासाठी वेगळा धागा लागेल, आणि आपल्याकडे तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ मध्येच हत्ती प्राणिसंग्रहालयांतून काढून छावण्यांकडे न्यावेत असं सांगितलं होतं.

विटांचा_हिशोब, कॅसनच्या इमारतीबद्दल तुम्ही लिहिलंत तेच मला म्हणायचं होतं, फक्त तुम्ही ते जास्त प्रेमाने लिहिलंत. :-)

कात्रजचा_घाट, गव्याचं उदाहरण मान्य, आणि आवडलंही. हाइनी हेडिगर या स्विस प्राणिशास्त्रज्ञाने हेच शिकवलं. बर्न, बाझल आणि झुरिक या तिन्ही ठिकाणी तो संचालक होता. त्याचं म्हणणं, प्रत्येक जनावराचं माणसापासून पळण्याचं एक अंतर असतं. आवार त्या अंतरापेक्षा तोकडं असेल तर जनावर सतत 'आता पळायला हवं' याच अवस्थेत जगतं, मग तुम्ही आत कितीही झाडं लावा. हरणा-काळविटांच्या बाबतीत तर हे जीवावरचं असतं. नवीन आवारात सोडलेलं काळवीट घाबरून सुसाट धावतं, बारीक जाळी त्याला दिसत नाही आणि मान मोडते. म्हणून जाणते लोक पहिले काही दिवस जाळीवर पोती नाहीतर कापड लावून ठेवतात. हा बदल कुठल्याही उद्घाटनाच्या फलकावर लिहिलेला नसतो.

सँडिएगोकर

नमस्कार. आजवर नुसता वाचक होतो, या धाग्यासाठी लिहायला बसलो.

जमीन महत्त्वाची, पण क्षेत्रफळाला एवढ्या सहज बाजूला सारू नका. आमच्याकडचा मांडला नावाचा पांढरा गेंडा घ्या. सॅन डिएगोच्या शहरातल्या झूमध्ये तो एका मादीबरोबर बरीच वर्षं राहिला. पिल्लू नाही, की तसा काही प्रयत्नही नाही. १९७१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून वीस पांढरे गेंडे आणले गेले, ते शहराबाहेर तयार होत असलेल्या नव्या पार्कसाठी. आज त्याला सफारी पार्क म्हणतात, १९७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं, एकूण जागा १८०० एकर. मांडलालाही तिकडे हलवलं. पुढे त्याला जवळपास पन्नास पिल्लं झाली. पन्नास! ज्याच्याबद्दल सगळ्यांनी आशा सोडली होती तो नर.

माती तीच, कॅलिफोर्नियाची कोरडी. डॉक्टर तेच. बदललं काय? मोकळी जागा आणि कळप. पांढऱ्या गेंड्याच्या माद्या रानात एकत्र हिंडतात, नर आपापला इलाखा राखतो. वर्षानुवर्षं शेजारी असलेली एकच मादी त्याला मादी वाटत नसावी, बहीण वाटत असावी. इथे अनेक माद्या आल्या आणि त्याला इलाखा म्हणण्यासारखी जमीन मिळाली.

पर्यटकांच्या दृष्टीने मात्र हे पार्क कंटाळवाणं आहे म्हणणारे खूप. गाडीतून लांबवर ठिपके दिसतात. भारतातून आलेले पाहुणे घेऊन गेलो की 'यापेक्षा डिस्कव्हरीवर जास्त दिसतं' हे ऐकून घ्यावं लागतं.

कात्रजचा_घाट

+१. 'काही दिसत नाही' हीच चांगल्या आवाराची खूण मानायला हरकत नाही.

बोरिवली_फास्ट

मग रिकामा पिंजरा सर्वोत्तम. काहीच दिसत नाही.

गंमत सोडा, राणीच्या बागेबद्दल कुणीतरी लिहायला हवं म्हणून लिहितो. बाग १८६२ ची, मूळची वनस्पतिउद्यान, प्राणी नंतरचे. एकूण जागा पन्नास-साठ एकरांच्या आसपास आणि तीही भायखळ्यात, म्हणजे एका बाजूला रेल्वे, एका बाजूला आंबेडकर रोड. आत शंभर-दीडशे वर्षांची दुर्मीळ झाडं आहेत, त्यामुळे आवार मोठं करायचं म्हटलं की झाड आडवं येतं. नूतनीकरणाच्या आराखड्यांना सर्वांत जास्त विरोध झाला तो झाडं वाचवणाऱ्यांकडून, आणि मला तो पटला होता. त्या जागी एकरांची भाषा करून उपयोगच नाही. जे आहे त्यातच चांगलं काय करता येईल, हा प्रश्न.

लहानपणी तिथे गेंडा बघितलेला आठवतो. एकटा, गोल आवार, पाण्याचा खड्डा. त्याची वाट बघत कठड्याला टेकून उभे राहायचो, तो यायचा नाही. आता गेंडा नाही, पाणघोडे आहेत आणि त्यांना पिल्लंही झाली. पाणघोड्याला जमीन कमी पडली तरी तो दिवसभर पाण्यात असतो म्हणून खपून जातं असं मला वाटायचं. पण मग पाण्याचं काय? तो त्याच पाण्यात सगळे विधी उरकतो, शेपटी फिरवून चहूकडे उडवतो. यावर कुणाला माहिती असेल तर लिहा.

पशुवैद्य_फलटण

बोरिवली_फास्ट, पाण्याचं उत्तर आधी देतो, मग माझा मूळ मुद्दा.

पूर्वी सगळीकडे एकच पद्धत होती : टाकी रिकामी करा, खराटा मारा, परत भरा. पाणी भरपूर असेल तर ही पद्धत वाईट नाही, आणि आपल्याकडे आजही अनेक ठिकाणी हेच चालतं. अडचण अशी की दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पाणी पुन्हा हिरवं-तपकिरी. अमेरिकेत टोलेडोच्या झूने १९८६ मध्ये गाळणयंत्रणा बसवलेला मोठा हौद केला आणि काचेतून पाण्याखालचा पाणघोडा दाखवला. तेव्हा लोकांना पहिल्यांदा नीट दिसलं की हे जनावर पाण्यात पोहत नाही, तळाला पाय टेकवत उड्या घेत चालतं. बर्लिनने १९९७ मध्ये काचेच्या घुमटांखाली असंच केलं. ही यंत्रणा बसवली ती लोकांना स्वच्छ दिसावं म्हणून, यात शंका नाही. पण स्वच्छ पाणी, कातडीचे आजार कमी, डोळे ठीक, हा फायदा पाणघोड्याला फुकटात मिळाला. म्हणजे बघणाऱ्यासाठी केलेला बदल जनावराच्याही उपयोगी पडू शकतो. ताईंनी याचा विचार करावा.

आता खुरांबद्दल. मी गुरांचा डॉक्टर. मोठ्या जनावराच्या पायाची तक्रार म्हणजे काय ते रोज बघतो. एकशिंगी गेंड्याबद्दल ताईंनी लिहिलेलं बरोबर आहे, पण तेवढंच वाचून कुणी 'सगळीकडे मऊ माती करा' म्हणायला लागलं तर जिराफ मेला. जिराफाचं उलट आहे. तो मऊ जमिनीवर, थोडक्या जागेत उभा राहिला तर खूर झिजत नाहीत, पुढे वाढत जातात, पाय तिरका पडू लागतो आणि वरच्या सांध्यांवर ताण येतो. मग खूर कापायचे कसे? एवढ्या उंच, नाजूक पायाच्या जनावराला भूल देणं हा जिवाशी खेळ असतो. म्हणून हल्ली जिराफाला स्वतःहून पाय पाटावर ठेवायला शिकवतात. पाय ठेवला की पाला मिळतो, तेवढ्यात माणूस खूर घासतो. काळवीट, नीलगाय यांनाही कडक कोरडी जमीन हवी. पावसाळ्यात त्यांना चिखलात ठेवलं की खुरांच्या बेचक्या सडतात. मग गेंडा, जिराफ, काळवीट सगळे एकाच 'आफ्रिकन मैदाना'त सोडायचे झाले तर जमीन कुणाच्या मापाने करायची? उत्तर असं की एकच जमीन करायचीच नाही. थोडा मुरूम, थोडी वाळू, थोडा चिखल, एक खडबडीत पट्टा जिथून पाणवठ्याला जाताना चालावंच लागेल.

सँडिएगोकरांचा मांडला मला माहीत होता, पण त्याच गोष्टीचं शेपूट त्यांनी सांगितलं नाही. एवढी जागा, एवढा कळप असूनही बंदिवासात जन्मलेल्या पांढऱ्या गेंड्याच्या माद्यांना पिल्लं होण्याचं प्रमाण कमी होतं. रानातून आणलेल्या माद्यांना होत होती, त्यांच्या मुलींना होत नव्हती. सॅन डिएगोच्याच संशोधकांनी वैरणीकडे बोट दाखवलं. पेंडीतला सोया आणि लसूणघास यांत वनस्पतींमधली इस्ट्रोजेनसारखी द्रव्यं असतात, आणि पांढऱ्या गेंड्याचं शरीर त्यांना फार जोरात प्रतिसाद देतं. खुराक बदलल्यावर ज्या माद्या वांझ समजल्या जात होत्या त्यांतल्या काही व्याल्या. लसूणघास आपण म्हशीला कौतुकाने घालतो! तेव्हा १८०० एकर असूनही दुखणं गव्हाणीत होतं.

सँडिएगोकर

डॉक्टरसाहेब, शेपूट मान्य. पण डोकं माझंच राहील. मांडलाच्या वेळी खुराक तोच होता ना?

पशुवैद्य_फलटण

तो नर होता आणि त्याला मिळालेल्या माद्या रानातल्या होत्या. त्यामुळे दोघंही बरोबर. :-)

मधुमालती७२

मी तुमच्यासारखी अभ्यासू नाही. पण पेशवे पार्कचा उल्लेख आला म्हणून लिहिते. फुलराणी या छोट्या रेल्वेत बसायचं, मग प्राणी बघायचे, मग भेळ, हा आमचा ठरलेला क्रम. सांबराला जाळीतून हात लावता यायचा, आम्ही शेंगा द्यायचो. आज नातवाला कात्रजला घेऊन जाते तेव्हा सांबर लांब असतं आणि नातू मोबाइल मागतो. तुम्ही सगळे जनावराच्या बाजूने बोलताय, बरोबरच आहे. पण त्या सांबराच्या ओल्या नाकाला हात लावल्यामुळे मला आयुष्यभर जनावरांबद्दल माया राहिली, हेही खरं आहे ना? पुढच्या मुलांना ती कुठून मिळणार?

कात्रजचा_घाट

आजी, माया खरी. पण तीच शेंगेची पुडी प्लॅस्टिकसकट आत जायची आणि हरणाच्या पोटातून गोळा निघायचा. शिवाय आजारांचंही आहे. २०२५ च्या जुलैत कात्रजला एका आठवड्यात बरीच चितळं दगावली, लाळ्या-खुरकुताचं निदान झालं. दोन खुरांच्या जनावरांना हा रोग होतो आणि कपडे, बूट, चारा कशावरूनही फिरतो. अंतर ठेवायला लागतं.

पशुवैद्य_फलटण

आजींचा प्रश्न इतक्या लवकर मिटवू नका. काही ठिकाणी जिराफाला उंच मचाणावरून फांद्या देऊ देतात, आणि मी त्याच्या बाजूने आहे, अट एकच, फांद्या. बिस्किटं नाहीत, केळी नाहीत. कारण जिराफ रानात दिवसाचा मोठा भाग जिभेने पाला ओरबाडण्यात घालवतो. संग्रहालयात त्याचं दिवसाचं खाणं गव्हाणीत टाकलं की ते थोड्या वेळात संपतं आणि जीभ रिकामी राहते. मग तो भिंत चाटतो, लोखंड चाटतो, तासन्‌तास. अमेरिकेतल्या संग्रहालयांच्या २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका सर्वेक्षणात सुमारे ८० टक्के जिराफ आणि ओकापी (जिराफाचा रानातला भाऊबंद) यांच्यामध्ये अशी काही ना काही निरर्थक सवय आढळली, आणि त्यांत चाटणं सर्वांत पुढे. यावर उपाय अवाढव्य आवार नाही. उंचावर टांगलेली, सहज न निघणारी वैरण. जाळीच्या पिंपातून पाला जिभेने शोधून काढावा लागला की चाटणं कमी होतं. खर्च म्हणाल तर एक पिंप आणि एक दोरी. आजींचा नातू मचाणावरून बाभळीची फांदी धरणार असेल तर जिराफाचं काही बिघडत नाही, उलट बरंच आहे.

विटांचा_हिशोब

हागेनबेककडे कुणी वळलंच नाही. गज काढणारा म्हणून त्याचं कौतुक होतं, पण त्याच्या त्या देखाव्याची रचना बघा : पुढे पक्ष्यांचं तळं, त्यामागे चरणारी खूरवाली जनावरं, त्यामागे सिंह, सर्वांत मागे डोंगरावरचे बकरे. मधले खंदक प्रेक्षकाला दिसत नाहीत, म्हणून सगळे एकाच माळावर आहेत असं भासतं. झेब्र्याच्या नाकाला मात्र खंदक-बिंदक काही नाही. आयुष्यभर पाठीमागून सिंहाचा वास. याला मोकळीक म्हणायचं का? आणि याच गृहस्थाने १८७४ पासून लॅपलँड आणि पुढे इतर देशांतली जिवंत माणसं आणून त्यांचेही देखावे मांडले होते. 'कसं दिसतं' हीच त्याची नजर होती.

ऱ्हाईनकाठची

हे माझ्या बाजूचं आहे की विरोधात, ते कळेना, पण घेते. :-)

खंदकाबद्दल मात्र हागेनबेकला श्रेय द्यायला हवं. म्हैसूरच्या प्राणिसंग्रहालयात जा. १८९२ चं, महाराजांनी सुरू केलेलं. तिथली खंदकाची आवारं बघितली की कळतं, गज नसल्याने माणसाची जनावराकडे बघण्याची रीतच बदलते. तिथे जिराफांची अनेक पिल्लं झाली आणि देशातल्या इतर संग्रहालयांत गेली.

आणि आपल्या देशातला एक माणूस या सगळ्यात विसरला जातो. कोलकात्याच्या अलीपूर प्राणिसंग्रहालयाचे रामब्रह्म सान्याल. तिथे १८८९ मध्ये सुमात्रन गेंड्याला पिल्लू झालं. सान्यालांनी १८९२ मध्ये बंदिवासातल्या प्राण्यांच्या देखभालीवर इंग्रजीतून हस्तपुस्तिका लिहिली. घर कसं असावं, खायला काय, आजार कुठले, पिल्लं कशी जगतात, हे जातीजातीगणिक. हागेनबेकच्या उद्घाटनाच्या पंधरा वर्षं आधी. त्यात देखाव्याचा विचार नाही, जनावराचा आहे. आपल्याकडच्या माहितीफलकांवर हॅम्बुर्गचं नाव एकवेळ सापडेल, सान्यालांचं सापडत नाही.

डॉक्टर, पाणघोड्याच्या गाळणीचा मुद्दा मान्य करावा लागेल. तरी एक विचारते : काचेसमोर गर्दी असताना त्या पाणघोड्याला काचेपासून दूर जायला दुसरा हौद आहे का? इथे बाझलला गेंड्यांच्या आवारात मुंटजॅक ही छोटी हरणं आणि लहान पाणमांजरं सोबतीला असतात. पाणमांजरं गेंड्याच्या पाण्यात उद्योग करतात, गेंडा कान हलवतो. मला ते आवडतं, कारण गेंड्याला दिवसभरात काहीतरी घडतं. पण पाणमांजराला बिळात जायची सोय आहे म्हणूनच ते चालतं. निघून जायला जागा असणं, मी सगळ्यात आधी हेच बघते.

नेमस्त

सुरुवातीला तुम्ही जमीन म्हणालात, आता निघून जायला जागा. पुढच्या पानावर काय?

ऱ्हाईनकाठची

पुढच्या पानावर रात्रीची खोली. संध्याकाळी पाच ते सकाळी नऊ, म्हणजे दिवसाचे दोन तृतीयांश तास, ही जनावरं बऱ्याच ठिकाणी मागच्या बंद खोलीत असतात. आपण तुलना करतो ती उरलेल्या आठ तासांच्या जागेची.

कात्रजचा_घाट

हा मुद्दा धाग्याच्या वर टाका. आपल्याकडे रात्रीचा निवारा आणि त्याला लागून छोटं कुंपणाचं आवार, ज्याला क्राल म्हणतात, हे आराखड्यात असतंच. पण प्रेक्षकांना ते दिसत नाही, त्यामुळे त्यावर चर्चाही होत नाही. पुढच्या वेळी आवाराच्या मागच्या बाजूने फेरी मारून बघतो, जाऊ दिलं तर.

बोरिवली_फास्ट

दिवाळीच्या सुट्टीत मुलांना घेऊन म्हैसूरला चाललो आहे. एवढं वाचल्यावर नुसतं जिराफ बघून परत येणं जमणार नाही. नेमकं काय बघू?

पशुवैद्य_फलटण

जिराफाचे खूर बघा, पुढे वाढून बोटासारखे लांब झालेत का. जीभ कशावर आहे ते बघा : पाल्यावर की लोखंडावर. गेंडा झोपलेला असेल तर कशावर झोपलाय ते बघा, आणि मागच्या पायाचा तळवा दिसतो का. गवा असेल तर तो सावलीत उभा राहू शकतोय का, आणि सावली सगळ्या कळपाला पुरते की एकाच दांडग्या नराला. हरणांमध्ये चारा एकाच ठिकाणी टाकतात की दोन-तीन, कारण एकाच ठिकाणी टाकला की कमजोर मादी उपाशी राहते. सकाळी दार उघडताच जा, तेव्हा सगळी बाहेर आलेली असतात आणि चालत असतात. चालताना पाय दिसतो.

ऱ्हाईनकाठची

आणि प्रत्येक आवारासमोर पाच मिनिटं तरी थांबा. मुलं कंटाळली तर त्यांना रखवालदाराशी बोलायला पाठवा, ते लोक फलकापेक्षा जास्त सांगतात. परत आल्यावर इथे लिहा, जमिनीच्या फोटोसकट.

मधुमालती७२

म्हैसूरचं मंगळवारी बंद असतं हो, आम्ही एकदा दारातून परत आलो होतो. आणि राणीची बाग, कात्रज दोन्हीकडे बुधवारी. आठवड्यातून एक दिवस बंद ठेवायचा नियमच आहे म्हणे, त्याही जिवांना सुट्टी. तिकीट काढायच्या आधी वार बघा.